सहाय्यक तंत्रज्ञान

सहाय्यक तंत्रज्ञान म्हणजे दिव्यांग, वृद्ध किंवा दीर्घकाळ आजारी असलेल्या व्यक्तींना दैनंदिन व्यवहार शक्य तितक्या स्वावलंबनाने करता यावेत, यासाठी वापरली जाणारी साधने, संगणक प्रणाली आणि त्यांच्याशी निगडित सेवा. पांढरी काठी व कुबड्यांपासून श्रवणयंत्र, कृत्रिम पाय, चाकाची खुर्ची आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालींपर्यंत अनेक साधने यात येतात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील २५० कोटींहून अधिक लोकांना अशा किमान एका साधनाची गरज आहे. त्यांपैकी सुमारे १०० कोटी लोकांना ते मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली.

संकल्पना

स्वावलंबी जीवनात कोणते काम केव्हा आणि कोणाच्या मदतीने करायचे, याचा निर्णय त्या व्यक्तीच्या हाती असणे महत्त्वाचे मानले जाते. त्यामुळे साधन निवडताना शरीराच्या मापांबरोबरच तिचे काम, घर आणि परिसर यांचाही विचार करावा लागतो. चुकीच्या मापाच्या खुर्चीत दीर्घकाळ बसल्यास दाबामुळे जखमा होतात, तर कृत्रिम पायाची खोबण सैल झाल्यास चालणे वेदनादायक ठरते. म्हणून मोजमाप, प्रशिक्षण आणि दुरुस्ती हे साधनाइतकेच आवश्यक घटक आहेत.

प्रमुख प्रकार

हालचाल : कुबड्या, कॅलिपर, चाकाची खुर्ची, हाताने चालवायची तीनचाकी सायकल व कृत्रिम अवयव. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी विकसित केलेला ‘जयपूर फूट’ घालून उकिडवे बसता येते, मांडी घालता येते आणि अनवाणी चालता येते. जमिनीवर बसण्याची सवय असलेल्या भारतीय जीवनपद्धतीस तो अनुरूप ठरला.

दृष्टी : पांढरी काठी, ब्रेल पुस्तके, भिंगे आणि वाचक प्रणाली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. मराठी ब्रेल तिच्यावर आधारित आहे. एनव्हीडीए ही मोफत वाचक प्रणाली मराठीही वाचते. मात्र मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली किंवा छायाचित्राच्या रूपात ठेवलेली शासकीय परिपत्रके डोळस व्यक्तीस वाचता येतात, पण ही प्रणाली ती थेट वाचू शकत नाही.

श्रवण व संवाद : श्रवणयंत्र, कर्णावर्त रोपण, दूरचित्रवाणीवरील मथळे, तसेच बोलू न शकणाऱ्यांसाठी चित्रफलक.

महाराष्ट्रातील वाटचाल

१९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा सुरू केली. ती पुढे दादर अंधशाळा म्हणून ओळखली गेली. दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. १९५५ मध्ये मुंबईतील हाजी अली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. १९८३ मध्ये वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण संस्था सुरू झाली. स्वतः चाकाची खुर्ची वापरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे.

ग्रामीण मराठवाड्यातील वापर

लातूर तालुक्यातील मुरुडसारख्या गावांच्या परिसरात साधनाची उपयुक्तता भूभागावर बरीच अवलंबून असते. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेल्या खुर्चीची लहान पुढची चाके पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात रुततात. उंच उंबरा, अरुंद दार आणि पायऱ्यांचे शौचालय यांमुळे खुर्ची असूनही व्यक्ती घरातच अडकू शकते. रुंद व मोठी चाके, दारापुढे उतार, शौचालयात आधारदांडी आणि खुर्चीला जोडलेले कमोड असे साधे बदल येथे उपयोगी पडतात. सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे टायर, ट्यूब व बेअरिंग बसत असतील, तर खुर्चीची दुरुस्ती गावातच होते. अन्यथा सुटा भाग शहरातून येईपर्यंत वापरणाऱ्याची शाळा किंवा रोजगार खंडित होतो.

कायदा व योजना

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून सार्वजनिक इमारती, वाहतूक व माहिती सुगम करण्याची तरतूद आहे. १९८१ पासून चालू असलेल्या केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र व्यक्तींना उत्पन्नानुसार मोफत किंवा सवलतीत साधने मिळतात. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. योजनेतील अनेक साधने कानपूरच्या ‘ॲलिम्को’ या सरकारी कंपनीत तयार होतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींसह स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवणे अपेक्षित आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला.

मर्यादा

शिबिरांतून एकाच मापाची साधने वाटली जातात, तेव्हा ती न वापरता पडून राहण्याचा धोका असतो. वाढत्या वयाच्या मुलांचे कॅलिपर व कृत्रिम पाय ठरावीक काळाने बदलावे लागतात; श्रवणयंत्रास सेल व नियमित तपासणी लागते. त्यामुळे एकदाच होणाऱ्या वाटपापेक्षा जवळच्या अंतरावर मिळणारी कायमस्वरूपी सेवा अधिक परिणामकारक ठरते.

हे सुद्धा पहा

ब्रेल लिपी
जयपूर फूट
नसीमा हुरजूक
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६