हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ

दुपारचे साडेतीन वाजले होते आणि कामोलीत एकाही हॉटेलचं किचन चालू नव्हतं. समुद्राला लागून उंच रंगीत घरांची ओळ, खाली गोट्यांचा किनारा, आणि आम्ही चौघं: आई, बाबा, धाकटी बहीण आणि फोन हातात धरून सगळ्यांच्या पुढे चालणारा मी. आई-बाबांचा हा पहिलाच परदेश प्रवास. पैसे माझे, प्लॅन माझा आणि स्प्रेडशीटही माझीच. तिच्यात ‘जेवण’ नावाचा वेगळा टॅब होता. प्रत्येक गावातली पाच ठिकाणं, रेटिंग ४.५च्या वर, रिव्ह्यू किमान तीनशे. शेवटच्या कॉलमचं नाव होतं ‘आई?’

आई माळकरी आहे. अंडंसुद्धा चालत नाही. बाबा मासे खातात, पण आई टेबलावर असली की मागवत नाहीत.

इटलीत दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, मग थेट रात्री साडेसात, हे मला वाचून माहीत होतं. पण ट्रेन चुकली की माहिती उपयोगाची राहत नाही. शेवटी एका बेकरीतून नुसती तेल-मिठाची फोकाच्या घेतली आणि पायऱ्यांवर बसून खाल्ली. बाबा म्हणाले, “एवढं काय शोधतोस? जिथे ट्रक थांबतात तिथे जेवावं.” (हा नियम इटलीतही चालतो. ट्रकवाले थांबतात तिथे खा, असं तिथले लोकही म्हणतात. पण कामोलीच्या किनाऱ्यावर ट्रक येत नाही.)

रात्री टॅब पुन्हा उघडला तेव्हा एक गोष्ट खटकली. मी ‘लोकल’ म्हणून निवडलेल्या जागांचे रिव्ह्यू लिहिणारे जवळपास सगळे आमच्यासारखेच, दोन दिवसांचे पाहुणे होते. डेटासेटमध्ये गावातलं कुणी नव्हतंच. मग पाहुण्यांनी स्थानिक जेवण शोधायला सुरुवात केली तरी कधीपासून, हे वाचत बसलो. झोप गेलीच होती.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात मजेशीर रिव्ह्यू सापडला तो १८५५चा. पेल्लेग्रीनो आर्तुझी नावाचा तिशीतला व्यापारी समुद्रस्नानासाठी तोस्कानाच्या किनाऱ्यावर, लिव्होर्नोला गेला. तिथल्या एका खानावळीत त्याने मिनेस्त्रोने, म्हणजे भाज्यांचं दाट सूप, खाल्लं आणि भाड्याच्या खोलीवर जाऊन झोपला. रात्रभर पोटात कळा. सगळा राग त्या सूपवर काढत तो सकाळी फ्लोरेन्सला पळाला. दोन-तीन दिवसांत बातमी आली की लिव्होर्नोत कॉलऱ्याची साथ आहे आणि त्याचा घरमालक त्यात गेला. बिचारं सूप निर्दोष होतं! आज तो माणूस असता तर रात्री दोन वाजता एक स्टार देऊन मोकळा झाला असता, आणि तो स्टार त्या खानावळीच्या नावावर कायमचा राहिला असता.

हा आर्तुझी पुढे इटलीच्या स्वयंपाकाचा जवळजवळ आजोबा झाला. १८९१ साली, वयाच्या सत्तरीत, त्याने स्वखर्चाने पाककृतींचं पुस्तक छापलं. प्रकाशक कुणी मिळेना. इटली एक देश होऊन तेव्हा तीसच वर्षं झाली होती आणि एका प्रांताचं बोलणं दुसऱ्याला धड कळत नव्हतं. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या. मग वाचक पत्रं पाठवू लागले: आमच्याकडे हे असं करतात, तुम्ही अमुक विसरलात. तो करून बघायचा आणि पुढच्या आवृत्तीत घालायचा. १९११मध्ये तो वारला तेव्हा पुस्तकात ७९० कृती होत्या. आमच्या भाषेत ओपन सोर्स, आणि मेंटेनर एकच. दक्षिणेकडून मात्र त्यात फार थोडं आलं. जिथून पत्रं आली नाहीत, तिथलं जेवण ‘इटालियन’ व्हायला उशीर झाला.

त्यानंतरची साखळी वाहनांची आहे. जेनोवा ते ला स्पेत्सिया रेल्वे १८७४मध्ये पूर्ण झाली आणि कामोलीसारखी गावं पाहुण्यांच्या टप्प्यात आली. १८९४मध्ये मिलानमध्ये सायकलस्वारांचा एक क्लब निघाला, तोच पुढे तूरिंग क्लुब इतालियानो. त्यांनी १९३१मध्ये देशाची खाद्य-गाइड काढली. तिच्यात भर हॉटेलांवर नव्हता, कुठल्या जिल्ह्यात काय चांगलं मिळतं यावर होता. म्हणजे आधी पदार्थाला पत्ता मिळाला, हॉटेलं नंतर त्या पत्त्यावर आली. १९५५मध्ये फियात ६०० आली, मध्यमवर्ग गाडी घेऊन समुद्राकडे निघाला, आणि १९५६ साली मिशेलिनने इटलीसाठी पहिली गाइड काढली, तीसुद्धा फक्त आल्प्सपासून सिएनापर्यंत. टायर विकणाऱ्या कंपनीला लोकांनी लांब जावं असं वाटणारच.

कामोलीत भिंतीवर एक अवाढव्य कढई टांगलेली आहे, जवळपास चार मीटर रुंद. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी इथे मासळीची जत्रा भरते आणि अशा कढईत मासे तळून वाटतात. मला वाटलं मध्ययुगापासून चालत असेल. जत्रा १९५२पासूनची आहे. माझ्या बाबांपेक्षा थोडी मोठी, इतकंच.

‘ऑस्तेरिया’ या शब्दाचंही तसंच. मुळात ती वाइनचा गुत्ता आणि सोबत जुजबी खाणं मिळण्याची जागा. त्याच्या वर त्रात्तोरिया, आणि सगळ्यात वर फ्रेंचांकडून आलेलं रिस्तोरांते. १९८६मध्ये रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स उघडलं. त्याविरुद्ध कार्लो पेत्रिनी आणि त्याच्या डाव्या मित्रमंडळींनी पास्ता वाटून निदर्शनं केली, त्यातून स्लो फूड चळवळ उभी राहिली. १९९०मध्ये त्यांनी फक्त ऑस्तेरियांची गाइड काढली: परवडणारं आणि त्या भागातलंच जेवण देणाऱ्या जागा. गाइड चांगली होती, म्हणून शब्दाला भाव आला. आता पाटीवर ऑस्तेरिया लिहिलेल्या काही ठिकाणी बिल बघून घाम फुटतो. ‘घरगुती मालवणी जेवण’ या पाटीचं आपल्याकडे जे झालं तेच.

आणि आमच्या पिढीचा टप्पा? २०१५मध्ये एका इटालियन खाद्यपत्रिकेने गार्दा तलावाकाठच्या एका गावात ‘ला स्कालेत्ता’ नावाचं हॉटेल एका मोठ्या रिव्ह्यू-साइटवर नोंदवलं आणि स्वतःच कौतुकं लिहिली. महिन्याभरात ते गावात पहिल्या क्रमांकावर गेलं. तसं हॉटेल अस्तित्वातच नव्हतं. माझा ४.५चा फिल्टर त्यालाही पास करून गेला असता (तीनशे रिव्ह्यूंवर अडकलं असतं, एवढंच समाधान).

इथवर वाचून माझं मत होत होतं की ‘लोकल’ हे सगळं नाटकच आहे, पाहुण्यांसाठी पाहुण्यांनी लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही रेकोला गेलो आणि ते मत जरा डळमळलं. रेको म्हणजे कामोलीच्या शेजारचं स्टेशन. गाव पोस्टकार्डावर छापावं असं मुळीच नाही, काँक्रीटच्या साध्या इमारती आहेत. कारण इथे रेल्वेचा उंच पूल आहे आणि तो उडवण्यासाठी मित्रराष्ट्रांनी १९४३-४४मध्ये इतके बॉम्ब टाकले की जवळपास सगळं गाव जमीनदोस्त झालं. जुनी म्हणावी अशी वस्तू फारशी उरली नाही. पण लोक परत आले आणि पुन्हा तीच फोकाच्या करू लागले: यीस्ट न घातलेल्या पिठाच्या दोन कागदासारख्या पाऱ्या आणि मध्ये मऊ चीज. गावकरी तिचं नातं क्रुसेडपर्यंत नेतात. ते खरं असो-नसो, २०१५पासून युरोपियन कायद्याने ते नाव रेको आणि आजूबाजूच्या तीन गावांपुरतंच राखलेलं आहे. ज्या गावाकडे दाखवायला देऊळ नाही की वाडा नाही, त्याने पाऱ्यांवर हक्क सांगितला तर त्याला नाटक म्हणायला माझी जीभ रेटेना.

त्या रात्री स्प्रेडशीटमधलं एक ठिकाण अखेर वेळेत गाठलं. आईसाठी पेस्तो घातलेला त्रोफिए मागवला. त्रोफिए म्हणजे हातावर वळलेल्या पिठाच्या छोट्या पिळदार शेवया, याच पट्ट्यातल्या. बरोबर बटाटा आणि घेवडा. ‘आई?’ कॉलममध्ये हिरवा टिक होता. आईने आधी वास घेतला आणि म्हणाली, “हा तर सब्जा.” बरोबर होतं. पेस्तोतलं बेसिल म्हणजे आपल्या फालुद्यात ज्याचं बी घालतात तेच झाड, तुळशीचं भावंडं. तिने ताटली पुसून खाल्ली. चार दिवसांत पहिल्यांदा तिने पोटभर जेवलेलं मी बघितलं. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

म्हणून रात्री पेस्तोचा इतिहास वाचायला घेतला. लिगुरियात डोंगर थेट समुद्रात उतरतात, कुरणाला जागाच नाही. म्हणून हिरवा पाला, ऑलिव्हचं तेल, अक्रोड, रानभाज्या. पेस्तोची छापील कृती १८६३च्या जेनोवाच्या पाकपुस्तकात मिळते, आणि तिच्यात लसूण-बेसिलबरोबर आहे पार्मेजान आणि चक्क डच चीज. बंदराच्या शहरात जहाजाने जे उतरेल ते ‘स्थानिक’. मला हे भारी आवडलं. मी चीजबद्दल आणखी वाचत गेलो, आणि तिथे थांबलो.

पार्मेजानचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. तसंच करायचं, असा त्या चीजचा नियमच आहे. ते टाळून केलं तर त्याला पार्मेजान म्हणता येत नाही.

बाजूच्या खोलीत आई झोपली होती. हिरवा टिक मी केला होता. ज्या साइटवर ‘व्हेजिटेरियन’ असा फिल्टर लावला तिच्या दृष्टीने तो बरोबरच होता. तिथला शब्द आणि आमच्या घरातला शब्द एकच असला तरी अर्थ वेगळा होता. सांगावं की नाही, यावर मी पहाटेपर्यंत काहीही ठरवलं नाही. सकाळीही बोललो नाही. हा माझा दोष, साइटचा नाही.

तिसऱ्या दिवशी जेनोवा. पाऊण तासाचा प्रवास. जुन्या बंदरासमोर सोत्तोरीपा नावाच्या मध्ययुगीन कमानी आहेत, खाली अंधारी, तेलकट, तळणाच्या वासाची ओळ. माझी यादी तिथून दोन गल्ल्या पुढची होती. आईच थांबली. एका दुकानात लाकडाची भट्टी पेटलेली आणि माणूस तिच्यातून कल्हई केलेली तांब्याची भलीमोठी परात ओढून काढत होता. परातीत पिवळं, पातळ, कडेला करपलेलं काहीतरी. आई म्हणाली, “अरे, हे तर धिरडं!”

ती फारिनाता. हरभऱ्याचं पीठ पाण्यात कालवून काही तास ठेवायचं, वर आलेला फेस काढायचा, मीठ, ऑलिव्हचं भरपूर तेल, आणि भट्टी. दंतकथा अशी: ६ ऑगस्ट १२८४ला मेलोरियाच्या लढाईत जेनोवाने पिसाचं आरमार बुडवलं. परतताना वादळात जहाजावरची पिठाची आणि तेलाची पिंपं फुटली, खारं पाणी मिसळलं, तो लगदा खलाशांनी उन्हात वाळवून खाल्ला आणि हरलेल्यांना चिडवायला त्याला ‘पिसाचं सोनं’ म्हटलं. मेलोरिया म्हणजे लिव्होर्नोसमोरचे खडक, जिथे आर्तुझीचं पोट बिघडलं तेच लिव्होर्नो. तिथेही हाच पदार्थ मिळतो, नाव वेगळं. नीसमध्ये तो सोक्का, जिब्राल्टरमध्ये कालेन्तिता, आणि स्थलांतरितांबरोबर ब्युनोस आयर्सला जाऊन फाइना झाला, तिथे तो पिझ्झ्यावर ठेवून खातात. कथा खरी नसेलही. पण गरीब खलाशांच्या शहरात असल्या भट्ट्यांच्या दुकानांना जेनोवाच्या बोलीत शामाद्दा म्हणतात, म्हणजे ज्वाळा, आणि ही दुकानं पाहुणे यायच्या कितीतरी आधीपासून बंदरावरच्या हमालांचं पोट भरत आली आहेत.

मी तरीही काउंटरवरच्या माणसाला विचारलं. आत काय काय आहे? त्याने बोटांवर मोजून दाखवलं. चार बोटं झाली. चीज? तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी विषय सोडला. बाबांनी तिकडेच कागदाच्या पुडीत तळलेले छोटे मासे मागवले, आईसमोर. आई काही बोलली नाही, तिच्या हातात दुसरा तुकडा होता.

परतीच्या ट्रेनमध्ये मी सांगितलं. पार्मेजान, रेनेट, वासरू, परवाचा त्रोफिए नव्हे, कालचा. सगळं एका दमात. बहिणीने हेडफोन काढले. आई खिडकीबाहेर बघत राहिली. एका हाताने माळेचे मणी नुसते सरकवत होती. रेकोचा पूल गेला तेव्हा म्हणाली, “काल रात्रीच कळलं होतं ना तुला?”

“हो.”

“मग सकाळी का नाही सांगितलंस?”

मला उत्तर आलं नाही. ती म्हणाली, “उद्या मी दिवसभर काही खाणार नाही. तुम्ही जेवा. संध्याकाळी मात्र त्या भट्टीवरच जाऊ.”

स्प्रेडशीटमध्ये दुसऱ्या दिवशी पोर्तोफिनो होतं. मी ती ओळ खोडली. बाबांनी विचारलं, दुकानाचं नाव काय होतं? आमच्यापैकी कुणीच पाटी वाचली नव्हती. बहिणीने एक फोटो काढला होता, त्यात तांब्याची परात आणि तुकड्याकडे गेलेला आईचा हात, एवढंच आलं होतं.