भावंडमत्सर, ज्येष्ठ अपत्यातील

पाठचे भावंड जन्मल्यावर पहिल्या अपत्यात उद्भवणारी असुरक्षितता, चिंता व मत्सर यांची संमिश्र भावावस्था. ऑस्ट्रियन मानसचिकित्सक आल्फ्रेड अ‍ॅडलर (1870–1937) यांनी जन्मक्रमाच्या विवेचनात तिला पहिल्या मुलाचे ‘पदच्युत होणे’ मानले (पहा : जन्मक्रम). अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही यांनी 1930 च्या दशकात बाहुल्यांच्या खेळातून तिचा अभ्यास केला.

आईला बिलगून राहणे, झोपमोड, अंथरूण ओले करणे, सुटलेली दुधाची बाटली पुन्हा मागणे ही तिची परिचित लक्षणे होत (पहा : प्रतिगमन, वियोगचिंता). बाळाला काढलेला चिमटा लगेच नजरेस येतो. अबोल होऊन खेळातून अंग काढून घेणारे मूल मात्र ‘शहाणे’ ठरते व त्याची चिंता दुर्लक्षित राहते.

ज्यूडी डन व कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिज परिसरातील 40 कुटुंबांचे निरीक्षण केले (ग्रंथ 1982). बाळाच्या जन्मानंतर आईचे मोठ्याकडील लक्ष घटते व रागावणे वाढते, असे त्यांना आढळले. बाळालाही भूक, इच्छा, भावना असतात, हे जिथे आई मोठ्याशी बोलत असे, तिथे भावंडांत पुढे अधिक स्नेह दिसला. मत्सर व माया एकाच मुलात एकत्र नांदतात. बहुतेक मुले काही महिन्यांत सावरतात. तीव्र व दीर्घकाळ टिकणाऱ्या अवस्थेस जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एफ 93.3 हा संकेतांक आहे (पहा : बालमनोविकार).