जाहीरनाम्यातून गळलेले
अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची आपण बहुधा अंतिम संहिताच वाचतो. जेफरसन यांच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध होता. काँग्रेसने तो वगळला. स्वतः जेफरसन आयुष्यभरात ६०० हून अधिक गुलामांचे मालक होते. जॉन ॲडम्स यांनी कधीच गुलाम बाळगला नाही. मात्र नव्या कायद्यांत स्त्रियांचा विसर पडू देऊ नये, ही पत्नी अबिगेल यांची त्याच वर्षीची पत्रातील विनंती त्यांनी हसण्यावारी नेली. एका अन्यायाविषयीची जाण दुसऱ्याविषयी डोळे उघडतेच असे नाही. पुढे १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथील परिषदेने त्याच जाहीरनाम्याच्या धर्तीवर आपले निवेदन रचले आणि समतेच्या वाक्यात पुरुषांसोबत स्त्रियांचाही उल्लेख केला. आम्हांस वाटते, ती संहिता कर्त्यांपेक्षा वगळलेल्यांनीच अधिक गांभीर्याने वाचली.