डोक्याला मार, पक्षाघात आणि त्यानंतरची थरथर : निदान कसं होतं, उपचार काय?

फूलबाग (ग्वाल्हेर) : झाशीच्या राणीच्या समाधीजवळ सकाळी फिरायला येणाऱ्यांत एखाद्याच्या हातातला चहाचा कप हिंदकळला, की 'पार्किन्सन दिसतोय' असा शेरा लगेच मिळतो. जुन्या मराठी घरांत त्यालाच 'कंपवात' म्हणतात. पण प्रत्येक थरथर पार्किन्सनची नसते. अपघातात डोक्याला मार बसला, पक्षाघात झाला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, तर त्यानंतरही हात कापू लागतो. त्याचं कारण वेगळं असतं आणि औषधही वेगळं असू शकतं.

यातली सर्वात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. इजा आज झाली आणि थरथर उद्या सुरू झाली, असं बहुतेकदा होत नाही. काही आठवडे, काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही मध्ये जातात. तोवर रुग्ण घरी आलेला असतो, टाके सुकलेले असतात, फाइल कपाटात गेलेली असते. मग हात कापायला लागला की जुन्या अपघाताशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. डॉक्टरांना तो संबंध घरच्यांनीच सांगावा लागतो.

अशा थरथरीच्या एका प्रकाराला 'होम्स कंप' म्हणतात. ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट गॉर्डन होम्स यांनी १९०४ साली त्याचं वर्णन केलं. ही थरथर संथ असते, सेकंदाला साधारण साडेचारपेक्षा कमी हेलकावे. हात मांडीवर स्वस्थ ठेवला तरी असते, समोर धरला की वाढते आणि घास तोंडाकडे नेताना तर अनावर होते. इजा सहसा मध्यमेंदू किंवा थॅलॅमस या भागात असते. लहान मेंदूकडून येणारे तंतू आणि डोपामिन पुरवणारे तंतू हे दोन्ही तिथे जवळजवळ असतात. दोन्ही दुखावले की असा मिश्र कंप दिसतो.

पार्किन्सनमध्ये उलट असतं. हात स्वस्थ असताना थरथर जास्त आणि काम करताना कमी. फक्त लहान मेंदूला इजा झाली असेल तर हात स्वस्थ असताना शांत राहतो, पण बोट लक्ष्याजवळ जाऊ लागलं की डोलू लागतं. म्हणून तपासणीत आधी हात मांडीवर, मग समोर ताणून, मग 'बोट नाकाला लावा' असं सांगतात. कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं वर्तुळ काढायला लावतात. दिसायला पोरखेळ वाटतो, पण या ५ मिनिटांत अर्धं निदान होतं.

स्कॅनमध्ये सीटीवर समाधान मानू नये. अपघाताच्या रात्री सीटी योग्यच, पण मेंदूच्या खोडातली छोटी इजा त्यात हुकू शकते, एमआरआयमध्ये ती जास्त स्पष्ट दिसते. थायरॉइडची रक्ततपासणीही करून घेतात. रुग्ण तरुण असेल तर विल्सन आजार, म्हणजे शरीरात तांबं साठण्याचा आनुवंशिक विकार, आधी वगळायला हवा. त्यासाठी रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी करतात. हा आजार वेळेत सापडला तर औषधांनी आटोक्यात येतो, म्हणून तो चुकवणं महागात पडतं.

एक मुद्दा मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. कधी कधी थरथर इजेची नसते, औषधाचीच असते. डोक्याला मार बसल्यावर फिट येऊ नये म्हणून व्हॅल्प्रोएट देतात, त्यानेच हात कापू शकतो. चक्कर येते म्हणून महिनोन् महिने सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन घेणारे ज्येष्ठ कमी नाहीत. या गोळ्यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू शकतात. दम्याचा साल्ब्युटामॉलही थरथर वाढवतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करू नये. फिटची गोळी अचानक थांबवणं धोक्याचं आहे.

उपचारांत होम्स कंपासाठी बहुतेकदा लेव्होडोपा आधी वापरून बघतात. बऱ्याच जणांना फरक पडतो, सगळ्यांना नाही. क्लोनाझेपाम, लेव्हेटिरासेटाम, ट्रायहेक्सिफेनिडिल हेही वापरतात, पण शेवटच्या गोळीने वृद्धांचा गोंधळ आणि विसराळूपणा वाढू शकतो. प्रोप्रॅनोलॉलचा खरा उपयोग घराण्यात चालत येणाऱ्या 'इसेन्शियल' कंपात, आणि दमा असेल तर ते टाळतात. लहान मेंदूच्या कंपावर गोळ्यांचा परिणाम तुटपुंजाच. तिथे फिजिओथेरपी, मनगटाला वजनाचा पट्टा, जड चमचा, झाकणाचा पेला यांनी रोजचं जेवण तरी सुसह्य होतं.

आयुर्वेदात कंपवातावर खाजकुइलीच्या बिया देतात, बाजारात त्या 'कौंच बीज' नावाने मिळतात. त्यांत नैसर्गिक लेव्होडोपा खरंच असतं. म्हणूनच डॉक्टरांची गोळी आणि हे चूर्ण एकाच वेळी, न सांगता घेणं चुकीचं. मात्रा दुप्पट होऊन हातपाय वेडेवाकडे हलू शकतात, रक्तदाब घसरू शकतो.

औषधं थकली तर शस्त्रक्रिया. डीप ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये मेंदूत बारीक तार बसवून छातीतल्या बॅटरीतून विजेचे स्पंद देतात. फ्रान्सच्या ग्रेनोबलमध्ये बेनाबिद यांनी १९८७ मध्ये कंपासाठी ही वाट रुळवली. खर्च काही लाखांत जातो, शिवाय साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. इजेनंतरच्या कंपात फायदा होतो, पण पार्किन्सनइतका भरवशाचा नाही, हे डॉक्टरांकडून आधी स्पष्ट विचारून घ्यावं. टाके न घालता ध्वनिलहरींनी करायचा उपचार अमेरिकेत २०१६ मध्ये इसेन्शियल कंपासाठी मंजूर झाला. इजेनंतरच्या कंपात त्याचा अनुभव अजून थोडा आहे.

ग्वाल्हेरकरांसाठी पहिलं सरकारी दार म्हणजे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं जयारोग्य रुग्णालय. पुढच्या उपचारासाठी दिल्लीचं एम्स आहे, नातेवाईक महाराष्ट्रात असतील तर मुंबईचं केईएम आणि बेळगाव-बिदरकडच्यांना बेंगळुरूचं निम्हान्स. कुठेही जाताना अपघाताच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनची फिल्म किंवा सीडी सोबत न्यावी, नुसता रिपोर्ट पुरत नाही. थरथरीचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओही उपयोगी पडतो, कारण तपासणीच्या खोलीत हात नेमका शांत बसतो.

कंपामुळे काम सुटलं असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आहेत. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन यूडीआयडी कार्ड मिळतं आणि ते देशभर चालतं. मध्य प्रदेशात काढलेलं कार्ड महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात राहायला गेल्यावर नव्याने काढावं लागत नाही.