कीचकाला नार्सिसिस्ट म्हणून मोकळं व्हायचं का?

अचलपूरहून निघून परतवाडा मागे टाकला की घाट लागतो आणि तो चढून आपण चिखलदऱ्याला पोचतो. धुकं, कॉफीचे मळे, जवळच गाविलगड. इथल्या नावाची गोष्ट अख्ख्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं, म्हणून ही कीचकदरा. तिचंच पुढे चिखलदरा झालं. भीमकुंडात त्यानं हात धुतले. तिथल्या उंच टोकाचं नाव वैराट, म्हणजे विराटाची जागा. अभ्यासक विराटाचं मत्स्य राज्य राजस्थानात, जयपूरजवळच्या बैराटकडे दाखवतात. ते असू दे. वऱ्हाडानं या खलनायकाला स्वतःची दरी दिली, म्हणजे त्याच्याशी आपलं काही जुनं नातं असणार.

आज ही गोष्ट कोणाला सांगितली तर एक शब्द हमखास येतो: नार्सिसिस्ट. रील्समुळे तो आता सगळ्यांच्या तोंडी आहे. मानसोपचारात ‘नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर’, म्हणजे आत्मकेंद्री व्यक्तिमत्त्व विकार, हे निदान अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या पुस्तिकेत १९८० साली आलं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याचे नऊ निकष आहेत. निदानासाठी त्यातले किमान पाच जुळावे लागतात.

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे नऊपैकी पाच ही अट दिसली की हात शिवशिवतात. विराटपर्व उघडून लावून पाहू.

कीचक राजा विराटाचा सेनापती आणि राणी सुदेष्णेचा भाऊ. अज्ञातवासातली द्रौपदी सैरंध्री बनून राणीची वेणीफणी करते आहे. कीचक तिला पाहतो आणि सांगतो, माझ्या आधीच्या बायका मी सोडतो, त्या तुझ्या दासी होतील. हवं ते मिळायलाच हवं ही भावना: एक. त्या बायकांचं काय होईल याचा विचार नाही: दोन. सैरंध्री नकार देते, तर बहिणीला मध्ये घालून तिला आपल्या घरी बोलावून घेतो. दुसऱ्यांना वापरणं: तीन. ती निसटून दरबारात धावते, तर भर सभेत तिचे केस धरून लाथ मारतो. उद्धटपणा: चार. दुसऱ्या दिवशी तिलाच ऐकवतो की विराट नावाचा राजा, मत्स्यांचा खरा राजा मीच. स्वतःच्या मोठेपणाची भव्य कल्पना: पाच. झालं निदान.

पण इथे दोन अडचणी आहेत. पहिली साधी. निदानासाठी हा स्वभाव तरुणपणापासून, वेगवेगळ्या प्रसंगांत सातत्यानं दिसावा लागतो. कीचकाचे आपल्याला जेमतेम काही दिवस दिसतात. जिवंत माणसांबाबतही हा धोका आहेच. १९६४ साली एका अमेरिकी मासिकानं राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मनाबद्दल मानसोपचारतज्ज्ञांची मतं छापली. त्यातून पुढे १९७३ मध्ये नियम झाला: तपासल्याशिवाय कोणाचंही जाहीर निदान करायचं नाही.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. पाचव्या खुणेकडे पुन्हा बघा. ‘खरा राजा मीच’ हा कीचकाचा भ्रम होता का? तो मेल्याची बातमी पसरताच त्रिगर्तांचा सुशर्मा कौरवांना सांगतो, आता मत्स्यांवर चाल करू या. मग विराटाच्या गाई पळवल्या जातात. म्हणजे राज्य खरोखर त्याच्या बळावर टिकून होतं. तो फुशारकी मारत नव्हता, वस्तुस्थिती सांगत होता. आणि ती सगळ्या दरबाराला माहीत होती.

आमच्या कामात सर्व्हर कोसळला की चांगली टीम ‘कोणी केलं’ एवढ्यावर थांबत नाही. ‘सिस्टिमनं हे होऊ कसं दिलं’ हेही विचारते. तोच प्रश्न विराटाच्या सभेला विचारू. सुदेष्णेला भावाचा हेतू ठाऊक आहे, तरी ती मद्य आणायचं निमित्त करून, हातात सोन्याचं पात्र देऊन सैरंध्रीला त्याच्या घरी पाठवते. लाथ बसते ती राजासमोर. सैरंध्री न्याय मागते, तर विराट म्हणतो, माझ्यामागे तुमच्यात काय भांडण झालं ते मला माहीत नाही. कंक बनलेला युधिष्ठिर तिला सुनावतो की रडून द्यूताच्या खेळात व्यत्यय आणू नकोस. यांपैकी कोणाला विकार होता? प्रत्येकाकडे गप्प बसायला आपापलं शहाणं कारण होतं. सगळा दोष कीचकाच्या डोक्यात घातला की हे सगळे अलगद सुटतात.

हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी प्रेक्षकाला बरोबर कळला होता. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं. खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले. नाटकात इंग्रजांचं नावही नाही. तरी लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या पुस्तकात लिहिलं की थिएटरातल्या प्रत्येकाला कळतं, कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. त्याच वर्षी सरकारनं नाटकावर बंदी घातली.

वऱ्हाडाला तर हा कीचक ओळखायला नाटकाचीही गरज नव्हती. बंगालची फाळणी १९०५ ची. त्याआधीच, १९०२ साली, कर्झननं निजामाला वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं द्यायला राजी केलं होतं. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, त्या सौद्यात आलंच. नावाचा राजा हैदराबादेत आणि खरा राजा कलकत्त्यात, ही विराटाच्या दरबाराचीच रचना झाली. कर्झनचा स्वभाव गर्विष्ठ होता हे खरं. पण तो १९०५ मध्ये विलायतेला परत गेला, आणि पट्टा तसाच राहिला. खाडिलकरांनी नाटक लिहिलं ते तो गेल्यावर. गेलेल्या माणसाच्या नाटकाला सरकार घाबरलं, कारण ते एका माणसाबद्दल नव्हतंच.

डीएसएमची पाचवी आवृत्ती आली त्याच २०१३ साली आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. छळ करणाऱ्याचं व्यक्तिमत्त्व कसं आहे, हे कायदा विचारत नाही. मालकानं काय केलं, हे विचारतो. सैरंध्री राजवाड्यातली नोकर होती, मालकिणीनं कामावर पाठवलेली. आपल्या ऑफिसात कोणी ‘अरे, तो नार्सिसिस्टच आहे’ म्हणतं, तेव्हा त्या माणसाची ओळख पटते. पण त्याला प्रमोशन कोणी दिलं, तिची तक्रार कोणाच्या टेबलावर पडून आहे, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले जातात. शिवाय ज्यांना खरंच हा विकार आहे आणि जे उपचार घेतात, त्यांच्यावर फुकटचा शिक्का बसतो तो वेगळाच.

कीचक मेल्यावर काय झालं, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या १०५ भावांनी सैरंध्रीला त्याच्याच चितेवर जाळायला नेलं. भीमानं त्यांनाही मारलं. आता तरी दरबार तिची बाजू घेईल असं वाटतं. पण घाबरलेला विराट राणीकरवी तिला निरोप पाठवतो, तू हे नगर सोडून जा. कीचकाला लाथ मारताना पाहून न उठलेला राजा हिला घालवायला मात्र तत्पर.

ती आणखी तेरा दिवस मागते. तिला ते मागावे लागतात.