पुनर्भेट (पर्यटन)

एकदा जाऊन आलेल्या ठिकाणी पर्यटकाने किंवा यात्रेकरूने पुन्हा जाणे. स्कीइंगच्या केंद्रांच्या संदर्भात या विषयाचा बराच अभ्यास झाला आहे. बर्फाची खात्री, उतारांची विविधता, रोपवेपुढची रांग, खर्च आणि मुक्कामाच्या जागी जुळलेली ओळख ही परत येण्या-न येण्याची मुख्य कारणे. यांतले पहिले पूर्णपणे माणसाच्या हातात नाही. काश्मीरमधील गुलमर्गला गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि अफरवट शिखराचे उंच उतार आवाक्यात आले. तरी २०२४ चा बहुतेक जानेवारी बर्फाविना गेला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला.

बीड जिल्ह्यातील उमापूरच्या (ता. गेवराई) मुलखात बर्फ नाही, पण पुन्हा जाण्याची रीत जुनी आहे: पैठणची नाथषष्ठी, गोदाकाठचे राक्षसभुवन, धाकटी पंढरी म्हणून ओळखला जाणारा नारायणगड आणि या सर्वांहून मोठी पंढरीची वारी. वारीला समाधानाचे माप लावता येत नाही. पाऊस, चिखल, दर्शनाची तासन्‌तास रांग हे सारे सोसून, कित्येकदा नुसत्या कळसाला हात जोडून परतलेला माळकरी पुढच्या आषाढीला पुन्हा निघतो. त्याला ओढतो तो फड आणि दिंडी. पालखीच्या रथापुढची-रथामागची जागा ठरलेली, मुक्काम ठरलेले, पंगत घालणारी घरे ठरलेली; वीणा, टाळ, पताका कोणाकडे हेही बहुधा ठरलेले. बाप थकला की मुलगा त्या जागी उभा राहतो. पाहुण्याला अशी स्वतःची जागा देणे कोणत्याही पर्यटनस्थळाला सोयींपेक्षा अधिक मोलाचे ठरेल.

ऋतूचा अडसर इथेही आहेच. पाऊस लांबला तर पेरणी अडते आणि आषाढीची गर्दी घटते. ऊसतोडीला कारखान्यावर गेलेल्या कुटुंबांना कार्तिकी साधणे अवघड जाते. अशा वेळी घरातला कोणी एक जाऊन वारी चुकू देत नाही. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या गेल्या आणि पायी वारी थांबली. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू होताच लाखो वारकरी आपापल्या दिंड्यांतून चालू लागले.