फोटोतली बाई कोण?

आपल्या गंगाखेडची जनाबाई सातशे वर्षांपूर्वीची. दुसऱ्याच्या घरी राबणारी. तरी तिचे अभंग तिच्याच नावाने आपल्यापर्यंत आले, कारण अभंगाच्या शेवटी ती आपले नाव गुंफत असे. आज आपल्या हातातल्या मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत. त्यांत नाव कुठे गुंफायचे, याविषयी आज बोलायचे आहे. सुरुवात जुन्या काळापासून करू.

१९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. त्या संस्थानाचे नामांकित छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. जन्म १८४४, मृत्यू १९०५. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबाराचे फोटो त्यांनी काढले. पडद्यातल्या बायकांना परक्या पुरुषासमोर बसता येत नसे, म्हणून १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ उघडला. उंच भिंतींच्या आत हा स्टुडिओ एक इंग्रज बाई चालवत असे. म्हणजे बाईने बाईचा फोटो काढण्याची सोय आपल्या संस्थानात सव्वाशे वर्षांपूर्वीच झाली होती.

तेव्हा फोटो काचेच्या पट्टीवर उतरत असे. दीनदयाळांच्या पेढीची शिस्त अशी, की काचेवर क्रमांक टाकायचा आणि फोटो कशाचा आहे तेही लिहायचे. पुढे १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचा मिळवल्या. नुसत्या काचा उरल्या असत्या, तर कोणता वाडा कुठला, कोणता सरदार कोण, हे सांगणे किती अवघड झाले असते!

पण याच पेढीचे दुसरे फोटो पाहा. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागात मदतीची कामे निघाली, त्यांचेही फोटो आहेत. ठिकाण आहे, काम काय ते आहे. कामावरच्या माणसांची नावे मात्र नाहीत. निजामाचे नाव लिहिले गेले, उपाशी बाईचे कोणी विचारले नाही. त्यांत कोणाची पणजी असेलही, पण आज ती ओळखायची कशी?

विचारले तर काय होते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. तो फोटोंचा नाही, ओव्यांचा आहे. १९८०च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांनी नुसती ओवी टिपली नाही. गाणारीचे नाव, तिचे गाव, ओवीचा विषय, असे सगळे नोंदवले. म्हणून आज ‘पारी’ या संकेतस्थळावर आपल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या त्यांच्या नावागावासह ऐकायला मिळतात. नोंद नसती तर लाखाच्या ढिगात तो आवाज ‘कुणा एका बाईचा’ झाला असता.

आपल्या घरातले फोटो याच वाटेवर आहेत. बाईच्या बाबतीत तर घोळ जास्त. माहेरच्या फोटोत ती एका नावाची, सासरच्या फोटोत दुसऱ्या. पुढे ‘अमक्याची आई’, मग ‘तमक्याची आजी’. म्हणून नोंद करताना बाईचे दोन्हीकडचे नाव आणि माहेरचे गाव लिहायचेच.

आता कामाला लागू. एक साधी वही घ्या. फोटोला क्रमांक द्या. वहीत तारीख, गाव, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे उभ्या असलेल्यांची नावे लिहा. नाव माहीत नसेल तर जागा मोकळी ठेवा, अंदाजाने भरू नका. जुन्या कागदी फोटोचा मोबाईलवर फोटो काढताना मागची बाजूही घ्या. तिथे कधी तारीख असते, कधी स्टुडिओचा शिक्का. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

मोबाईलमध्ये फोल्डरचे नाव वर्षापासून सुरू करा: ‘२०२५-०२ परभणी उरूस’. मग सगळे आपोआप क्रमाने लागते. एका प्रसंगाचे वीस फोटो असतील तर चांगले चार-पाच ठेवा. मोबाईल फोटोसोबत तारीख-वेळ स्वतः साठवतो. पण व्हॉट्सअपवर आलेल्या फोटोत ती मूळ तारीख सहसा राहत नाही, फोटोही बारीक होतो. म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्याकडून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

आणि प्रत दोन ठिकाणी ठेवा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुराने काय केले ते आपण पाहिले. पेटीतला अल्बम भिजला की संपला, मोबाईल पाण्यात पडला की तोही गेला. एक पेनड्राइव्ह घरी, दुसरा बहिणीकडे, दुसऱ्या गावी. वहीच्या पानांचेही फोटो काढून त्यातच ठेवा.

सगळे एकदम होणार नाही. या आठवड्यात एकच करा. घरातला सगळ्यांत जुना फोटो काढा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. कडेला पदर डोक्यावर घेतलेली कोण, हे तिला विचारा. ती सांगेल ते लगेच वहीत लिहा. फोटो वर्षभर थांबेल, पण ती थांबेलच असे नाही.